होलोकॉस्ट म्युझियममधले पोकेस्टॉप: एका उन्हाळ्याचं प्रकरण

जुलै २०१६ मध्ये अमेरिकन पेपरांत एक बातमी झळकली, की वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियमने (होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) लोकांना विनंती केलीये, कृपा करून इथे पोकेमॉन पकडू नका. पोकेमॉन गो हा मोबाईल गेम येऊन तेव्हा धड आठवडाही झाला नव्हता. ६ जुलैला अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आला आणि १२ तारखेला ही बातमी. आपल्याकडेही ती व्हॉट्सॲपवर फिरली आणि त्यावर जे व्हायचं तेच झालं, म्हणजे "आजकालच्या पोरांना कशाचंच काही वाटत नाही" हा एकच सूर, आणि दोन दिवसांत विषय संपला.

मला हे प्रकरण त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं वाटतं. पोरांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाहीये, पण ती पोरं तिथे फोन काढून उभी राहिली त्याच्या आधी तीन-चार वर्षं बरंच काही घडून गेलं होतं आणि त्यात म्युझियमला एकदाही कोणी विचारलं नव्हतं. म्हणून सगळं नीट मांडून बघते. मी स्वतः तेव्हा पुण्यात इकडून तिकडून मिळवलेली एपीके, म्हणजे ॲपची फाईल, टाकून हा गेम खेळत होते (भारतात अजून आला नव्हता, पण कोण थांबतंय), त्यामुळे खेळणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते मला थोडंफार माहितीये.

ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी आधी गेम कसा चालतो ते. पोकेमॉन गो म्हणजे तुमच्या फोनचा जीपीएस आणि एक नकाशा. नकाशा खऱ्या रस्त्यांचा, त्यावर तुमचं छोटंसं माणूस, तुम्ही चाललात की तेही चालतं. वाटेत कुठेही एखादा पोकेमॉन, म्हणजे काल्पनिक प्राणी, उगवतो आणि त्याच्यावर बोट फिरवून बॉल फेकायचा. कॅमेरा चालू ठेवला तर तो प्राणी समोरच्या खऱ्या जागेवर बसलेला दिसतो, म्हणजे तुमच्या टेबलावर, फुटपाथवर, शेजाऱ्याच्या डोक्यावर. पण बॉल फुकट कुठून येणार? त्यासाठी पोकेस्टॉप. नकाशावर ठराविक जागी निळी खूण असते, तिच्या जवळ गेलात, म्हणजे तेव्हा साधारण ४० मीटरच्या आत, की तिथला फोटो गोल फिरवायचा आणि बॉल, अंडी वगैरे पडतात. पाच मिनिटांनी परत फिरवता येतं. काही जागा जिम असतात, तिथे तीन टीमची मारामारी.

आणि एक गोष्ट म्हणजे ल्युअर. हे या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे आणि बातम्यांमध्ये याच्यावर कोणी फारसं बोललं नाही. कोणीही खेळाडू साधारण डॉलरभर किमतीचं ल्युअर एखाद्या पोकेस्टॉपला लावू शकतो, मग अर्धा तास तिथे प्राण्यांची रांग लागते आणि ते फक्त त्यालाच नाही तर आजूबाजूच्या सगळ्यांना मिळतात. नकाशावर तिथे गुलाबी पाकळ्या पडताना दिसतात, त्या लांबून दिसल्या की माणसं वळतात. म्हणजे तुमच्या जागेवर पुढचा अर्धा तास गर्दी होणार की नाही हे ठरवणारा कोणीतरी भलताच माणूस, आणि त्याला ते करायला तुमची परवानगी सोडा, तुम्हाला कळवायचीही गरज नाही. आपल्या घराच्या ओट्यावर आपल्याला न सांगता कोणीतरी पाणपोई उघडावी तसला प्रकार, फक्त तहानलेले लोक आपल्याला दिसतात आणि पाणपोई दिसत नाही.

आता म्युझियमबद्दल. हे नॅशनल मॉलच्या बाजूला आहे, १९९३ च्या एप्रिलमध्ये उघडलं, प्रवेश फुकट. नाव म्युझियम असलं तरी ते एका अर्थी स्मारकच आहे, नावातच मेमोरियल आहे, आत हॉल ऑफ रिमेंब्रन्स आहे जिथे ज्योत तेवत असते. मायदानेकच्या नाझी छळछावणीतल्या कैद्यांच्या बुटांचा ढीग आहे, कैदी नेले जायचे त्या प्रकारचा रेल्वेचा डबा आहे ज्यातून लोक चालत जातात, आणि आयशिशोक नावाच्या एका गावातल्या लोकांच्या फोटोंनी भरलेला उंच मनोरा आहे, लग्नाचे, सहलीचे, बाळांचे साधे घरगुती फोटो, आणि तिथली ज्यू वस्ती १९४१ मध्ये दोन दिवसांत संपवली गेली.

या म्युझियमने लोकांना गुंतवायची एक फार हुशार पद्धत पहिल्यापासून ठेवलीये. मुख्य प्रदर्शनात जाताना तुम्हाला एक छोटं ओळखपत्र मिळतं, खऱ्या माणसाचं, त्याचं नाव, गाव, फोटो, आणि मजले उतरत जाल तशी पुढची पानं उलटायची, शेवटी कळतं ती व्यक्ती वाचली की नाही. विचार केला तर गेम बनवणारे लोक जे करतात तेच आहे हे, तुमच्या हातात एक पात्र द्यायचं आणि पुढे काय झालं याची उत्सुकता लावायची. म्हणून "म्युझियमवाले जुनाट, त्यांना टेक्नॉलॉजी झेपत नाही" ही जी दुसरी बाजू तेव्हा काही गेमर लोक लावून धरत होते ती इथे साफ लंगडी पडते. त्यांचे प्रवक्ते अँड्र्यू हॉलिंजर यांनीही साधारण हेच सांगितलं होतं, की तंत्रज्ञान शिकवायला उपयोगी पडू शकतं पण हा गेम आमच्या शैक्षणिक आणि स्मारक म्हणून असलेल्या कामाच्या फार बाहेरचा आहे, आणि नाझींच्या बळींच्या स्मारकात तो खेळणं बरोबर नाही. आपल्याला यातून वगळता येईल का ते बघतोय असंही ते म्हणाले होते.

म्युझियमच्या वेगवेगळ्या भागांना मिळून तीन पोकेस्टॉप होते. एक नाही, तीन. खेळणाऱ्याला हे लगेच कळेल, तीन पोकेस्टॉप एकमेकांच्या जवळ म्हणजे चांगली जागा, एका जागी उभं राहून बॉल भरून घ्या. त्यात बाजूला नॅशनल मॉल, म्हणजे उन्हाळ्यात पर्यटकांचा नुसता पूर आणि पावलापावलाला एखादं स्मारक, म्हणजे पावलापावलाला पोकेस्टॉप.

मग तो फोटो. इंटरनेटवर एक स्क्रीनशॉट फिरला, म्युझियममधल्या हेलेना रुबिनस्टाइन ऑडिटोरियमच्या दाराशी कॉफिंग दिसतोय. कॉफिंग म्हणजे जांभळा गोळा, ज्याच्या अंगातून विषारी वायू निघतो, तेच त्याचं वैशिष्ट्य. ज्या लोकांना विषारी वायूने मारलं त्यांच्या स्मारकात हा. बातमी पसरली ती मुख्यतः या फोटोमुळे, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) तो फोटो खरा होता की कोणीतरी खोडसाळपणे बनवला हे सिद्ध झालंच नाही. तीन पोकेस्टॉप मात्र शंभर टक्के खरे होते, फोन काढून कोणालाही बघता आले असते. पण तीन निळ्या खुणांवर कोण शेअर करणार, कॉफिंगवर करणार. त्यामुळे चर्चा "असा पोकेमॉन तिथे टाकायची कोणाची हिंमत झाली" अशी गेली, जणू कोणी मुद्दाम बसून ठरवलं होतं. कुठला प्राणी कुठे उगवेल हे कोणी माणूस बसून ठरवत नाही, प्रोग्राम ठरवतो, आणि प्रोग्रामला कॉफिंग म्हणजे काय आणि ती इमारत म्हणजे काय यातलं काहीच माहीत नसतं. मला हे त्याहून जास्त भयानक वाटतं, पण ते असो.

तर ते तीन पोकेस्टॉप आले कुठून? इथे प्रकरणाचं खरं मूळ आहे.

पोकेमॉन गो बनवणारी कंपनी निआँटिक, जॉन हँके यांची, आधी गुगलच्या आतच सुरू झालेली आणि २०१५ मध्ये वेगळी झाली. पोकेमॉनची कल्पना तशी २०१४ च्या गुगल मॅप्सच्या एप्रिल फूलवरून आली, नकाशावर पोकेमॉन शोधा असली मस्करी होती ती, लोकांना फार आवडली. पण नकाशातला माल त्याच्याही आधीचा. निआँटिकचा २०१२ पासूनचा एक गेम होता, इन्ग्रेस. त्यात पोर्टल नावाच्या जागा काबीज करायच्या असायच्या आणि ही पोर्टल खेळाडू स्वतःच सुचवायचे, जागेचा फोटो काढून पाठवायचा, नाव टाकायचं, मंजूर झालं की नकाशावर. हँके यांनीच सांगितलं होतं की साधारण दीड कोटी जागा लोकांनी सुचवल्या आणि त्यातल्या पन्नास लाखांच्या आसपास मंजूर झाल्या. शिवाय ऐतिहासिक जागांच्या तयार याद्या वापरल्या होत्या त्या वेगळ्याच. पोकेमॉन गो काढताना हाच सगळा डेटा उचलून त्याचे पोकेस्टॉप आणि जिम केले.

आता कुठली जागा मंजूर व्हायची? इतिहास असलेली, वेगळी वास्तू, एखादं शिल्प, लायब्ररी, लोक जमतात अशी सार्वजनिक जागा. होलोकॉस्ट म्युझियमला लावून बघा हे निकष. इतिहास आहे, वास्तू वेगळी आहे, कलाकृती आहेत, सार्वजनिक आहे, सगळीकडे बरोबरची खूण! म्हणजे नियम मोडून ते आत घुसलं असं काही नाहीच, नियम पाळूनच आलं. जागा बघण्यासारखी आहे का एवढंच विचारलं गेलं, तिथे खेळावं का हे कोणाला विचारायचं सुचलं नाही, आणि ज्यांची जागा आहे त्यांना विचारायचं तर नाहीच नाही.

बरं, हे कंपनीला माहीत नव्हतं असंही नाही. जुलै २०१५ मध्ये, म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, जर्मनीत हेच झालं होतं. डाखाऊ, साक्सेनहाउसेन अशा छळछावण्यांच्या आवारात इन्ग्रेसची पोर्टल सापडली, तिथल्या पत्रकारांनी बातमी केली, हँके यांनी माफी मागितली आणि ती पोर्टल काढायला घेतली. मग वर्षभराने वॉशिंग्टन कसं राहिलं? मला जे दिसतं ते असं की बोंब झाली ती जागा काढली, पण "अशा प्रकारच्या सगळ्या जागा" काढायला हव्यात हा विचार झाला नाही, किंवा झाला आणि पुरा केला नाही. कारण २०१६ च्या त्याच जुलैमध्ये ऑशविट्झच्या स्मारकालाही निआँटिककडे वगळायची मागणी करावी लागली. ऑशविट्झला! छळछावण्यांपैकी एकच नाव माहीत असलेल्या माणसालाही ते नाव माहीत असतं. इन्ग्रेस खेळणारे तुलनेने थोडे आणि जरा गुपचूप खेळणारे होते म्हणून खपून गेलं, पोकेमॉन गो पहिल्या महिन्यातच १३ कोटी वेळा डाऊनलोड झाला, मग काय लपतंय.

इथे कोणी म्हणेल की पन्नास लाख जागांच्या मालकांना कंपनी कशी विचारत बसणार, शक्य तरी आहे का. मान्य, अवघड आहे. पण मग दुसरीकडे बघा. जपानमध्ये २२ जुलैला गेम आला तेव्हा मॅकडोनाल्ड्सशी करार झालेला होता, तिथल्या जवळपास तीन हजार दुकानांचे पोकेस्टॉप आणि जिम झाले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आला तो रिलायन्स जिओबरोबर, रिलायन्स डिजिटलची दुकानं नकाशावर आली. म्हणजे जिथे पैसे मिळणार तिथे बोलणी, सही, सगळं रीतसर. आणि जिथे मिळणार नव्हते तिथे आधी खूण ठोकायची आणि त्रास झाला तर फॉर्म भरा. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. बर्गरच्या दुकानाला विचारायला वेळ होता.

आता खेळाडूंची बाजू. तिथे जे फोन काढून उभे होते ते सगळे खास पोकेमॉन पकडायला होलोकॉस्ट म्युझियममध्ये आले होते का? माझा अजिबात विश्वास बसत नाही. बहुतेक जण म्युझियम बघायलाच आलेले असणार, गेम खिशात चालूच, कारण हा गेम बंद करून ठेवत नाही कोणी, चाललेलं अंतरही मोजलं जातं, अंडी उबवायची असतात. रांगेत उभं आहे, फोन थरथरला, बघितलं, फिरवलं, पाच सेकंद. करणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, मेसेज बघितल्यासारखं. पण त्याच रांगेत शेजारी एखादी ऐंशी वर्षांची बाई असू शकते जिचं अख्खं घर त्या फोटोंच्या मनोऱ्यात आहे. तिला पाच सेकंद दिसत नाहीत, तिला बॉल फेकणारं बोट आणि हसरा चेहरा दिसतो. आणि त्यात ल्युअर लागलं की पाच सेकंदांचा अर्धा तास होतो, हे मी स्वतः खेळताना बघितलंय, एकदा पाकळ्या दिसल्या की पाय हलत नाहीत.

यात अजून एक तांत्रिक भानगड. जीपीएस जाड भिंतींच्या आत नीट चालत नाही, तुम्ही एका जागी उभे असता आणि नकाशावरचं माणूस रस्त्यापलीकडे फेऱ्या मारत असतं. आणि स्टॉपभोवतीचं वर्तुळ भिंत बघत नाही. म्हणजे बाहेरच्या फुटपाथवरून म्युझियमच्या आतला स्टॉप फिरवता येऊ शकतो आणि आत उभं राहून बाहेरचा. त्यामुळे म्युझियमने दारावर कितीही कडक पाटी लावली तरी ते आपल्या हद्दीपुरतंच बोलू शकतं, नकाशावर त्याची हद्दच नाही. म्हणूनच नुसत्या शिस्तीने हे सुटणार नव्हतं, लोकांना विनंती आणि कंपनीला पत्र ही दोन्ही कामं लागणार होती, आणि म्युझियमने दोन्ही केली. फोनवर सरसकट बंदी घातली नाही हे मला विशेष आवडलं. घालता आली असती, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला निआँटिकने म्युझियम गेममधून काढलं. त्याच सुमारास हिरोशिमाचं शांती स्मारक उद्यानही निघालं. तिथे तर तारखेचाच प्रश्न होता, ६ ऑगस्टला अणुबॉम्बच्या बळींसाठी दरवर्षीचा कार्यक्रम, आणि गेम जपानात आलेला २२ जुलैला. शहराच्या प्रशासनाने तारीख देऊन सांगितलं की त्याच्या आधी काढा, उद्यानात तीसेक जागा होत्या, आणि काढल्या गेल्या. मुद्दाम तुलना करून बघा, तारीख घालून मागणारं शहराचं प्रशासन आणि चौकशी करत बसलेलं एकटं म्युझियम. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीने ट्विट करून सांगितलं की हे इथल्या शिष्टाचारात बसत नाही. कंबोडियात गेम ऑगस्टमध्ये पोचला आणि नॉम पेन्हच्या तुओल स्लेंग म्युझियमला, जे ख्मेर रूज या क्रूर राजवटीच्या काळातलं छळाचं तुरुंगघर होतं, लगेच खेळायला बंदी करावी लागली. म्हणजे वॉशिंग्टनची बातमी जगभर गाजून महिना झाला तरी नव्या देशात गेम उतरवताना तीच कथा. एक देश, एक तक्रार, एक दुरुस्ती, परत पुढचा देश.

भारतात हे वेगळ्या वाटेने आलं. गेम अधिकृतपणे यायच्या आधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, गुजरात हायकोर्टात जनहित याचिका झाली की देवळांमध्ये आणि इतर प्रार्थनास्थळांमध्ये अंडी मिळतात, ज्या धर्मांत अंडं चालत नाही त्यांच्या भावना दुखावतात. कोर्टाने नोटिसा काढल्या. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो यावर, फोनमधलं अंडं ते, त्याला काय कवच आहे का. पण अंडं बाजूला ठेवा आणि मूळ तक्रार बघा, आमच्या जागेवर आम्हाला न विचारता काहीतरी ठेवलंय. तक्रार तीच आहे जी होलोकॉस्ट म्युझियमची होती. भाषा वेगळी आणि भावना वेगळ्या म्हणून आपण एकीला गंभीर म्हटलं आणि दुसरीला विनोद.

पुण्यात बसून मी याचा विचार करते तेव्हा मला दोन जागा आठवतात. एक आगा खान पॅलेस. तिथे गांधीजींना स्थानबद्ध ठेवलं होतं, महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला तिथेच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. वर म्युझियम, मागे समाधी. तिथे बागेत कोणी फोन घेऊन फिरलं तर मला काही वाटणार नाही, समाधीपाशी लागलेलं ल्युअर मात्र नको. म्हणजे एकाच आवारात दोन उत्तरं, आणि नकाशाला "आगा खान पॅलेस" एवढीच एक खूण माहीत असते. दुसरी जागा राजा दिनकर केळकर म्युझियम. तेही आठवणीतूनच उभं राहिलंय, दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने केलेलं. तरी तिथे गेम असावा असं मला मनापासून वाटतं. अडकित्ते, दिवे, कुलपं, वाद्यं, मस्तानी महाल, नुसतं शोधायला लावा ना पोरांना, अमुक आकाराचा अडकित्ता शोधा, पोरं नाचतील. कुठे खेळ शोभतो हे ती जागा रोज सांभाळणारी माणसं सांगू शकतात, दहा मिनिटं बोललं तरी कळतं.

असं विचारून, किंवा म्युझियमने स्वतःच पुढाकार घेऊन केलं तर काय होतं याचंही उदाहरण आहे. इटलीतल्या नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम, ज्यात पॉम्पेईमधून निघालेला खजिना आहे, त्यांनी एप्रिल २०१७ मध्ये स्वतःचा मोबाईल गेम काढला, फादर अँड सन. फुकट. मायकल नावाचा मुलगा, बाप पुरातत्त्वज्ञ, कधी भेटलेला नाही, बापाच्या मागे त्या म्युझियमपर्यंत येतो आणि वस्तूंमधून वेगवेगळ्या काळांत जातो, प्राचीन रोम, इजिप्त, बूर्बाँ राजांचं नेपल्स. घरबसल्या खेळता येतो, पण गेमचा काही भाग म्युझियममध्ये प्रत्यक्ष जाऊन फोनवर हजेरी लावली तरच उघडतो. लाखो लोकांनी डाऊनलोड केला. इथेही फोन आहे, जीपीएस आहे, गेमचं वेड आहे, सगळा मालमसाला पोकेमॉन गोचाच. फरक एवढाच की खूण कुठे ठेवायची हे म्युझियमने ठरवलं. आणि खेळ गंभीर असू शकतो हेही त्यातून दिसतं, बाप गमावलेल्या मुलाची गोष्ट आहे ती, प्राणी पकडायची नाही. त्यामुळे "अशा जागांवर गेम नकोतच" हे मला पटत नाही. होलोकॉस्टवरही गेम होऊ शकतो, २०२३ मध्ये फोर्टनाइटच्या आत होलोकॉस्टचं एक आभासी म्युझियम जाहीर झालंच की, गोळ्या झाडायच्या गेमच्या आत! ऐकून मी कपाळाला हात लावला होता, पण बनवणाऱ्याने तो विषय घेऊन बनवलाय, तिथे काय करता येईल आणि काय नाही याचा विचार आधी झालाय. २०१६ च्या नकाशात नेमकं तेच नव्हतं.

कायद्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. अमेरिकेत घरमालकांनी खटला भरला होता की खेळाडू आमच्या अंगणात येतात, घंटी वाजवून मागच्या दारी पोकेमॉन आहे, येऊ का विचारतात. २०१९ मध्ये तडजोड झाली, निआँटिकने कबूल केलं की अशा तक्रारी बहुतांशी पंधरा दिवसांत निकालात काढू, आणि एकट्या कुटुंबाच्या घरापासून ४० मीटरच्या आतले स्टॉप मालकाने सांगितले तर काढू. मिलवॉकी काउंटीने वेगळाच उपाय केला होता, बागांमध्ये असले गेम चालवायचे तर कंपनीने आधी परवाना घ्यायचा असा नियम, पण २०१७ मध्ये कोर्टाने तो रोखला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. म्हणजे आधी विचारा असं सक्तीने म्हणायला गेलं तर कोर्टात टिकलं नाही, आणि नंतर तक्रार करा हा मार्ग मात्र कागदावर पक्का झाला. घरमालकांना ४० मीटर मिळाले. म्युझियमं आणि स्मारकं त्या तडजोडीचा विषयच नव्हती, त्यांना आजही आपल्या आवारात काय ठेवलंय ते स्वतः बघावं लागतं आणि नको असेल तर स्वतः लिहावं लागतं.

२०२५ मध्ये निआँटिकने पोकेमॉन गोसकट आपला गेमचा धंदा साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली या गेम कंपनीला विकला. इन्ग्रेस मात्र निआँटिक स्पेशियल नावाच्या नव्या कंपनीकडे राहिला. खेळाडूंनी फोटो काढकाढून भरलेला नकाशा एकच होता, त्यावरचे खेळ आता दोन कंपन्यांकडे आहेत. तुमच्या ओळखीचं कोणी एखाद्या म्युझियममध्ये किंवा स्मारकाच्या ट्रस्टवर असेल तर त्यांना एवढं सांगा की दोन्ही गेम फोनवर टाका, आवारात एक चक्कर मारा आणि कुठे काय दिसतंय ते टिपून घ्या. काय ठेवायचं आणि काय काढायला सांगायचं ते त्यानंतर ठरवता येईल, आणि पत्र बहुधा दोन वेगळ्या पत्त्यांवर जाईल.